फोन रगेड, महाळुंगे भलतंच

दहाची अपॉइंटमेंट, चाकणच्या प्लँटमध्ये. त्या स्टोरीवर माझं महिन्याचं रूमभाडं होतं. हँडलबारवर नवाकोरा रगेड फोन घट्ट बसवला, सर्चमध्ये ‘महाळुंगे’ टाकलं, पहिलं नाव आलं ते दाबलं आणि सुटलो. पावणेदहाला मी कुठे? बालेवाडी स्टेडियमपाशी!

बॉस, महाळुंगे दोन आहेत. एक बालेवाडीला खेटून, दुसरं तळेगाव-चाकण रोडवरचं महाळुंगे इंगळे. चूक फोनची नाही, माझ्या अंगठ्याची.

नाशिक फाटा, भोसरी, मोशी... आणि धो-धो पाऊस. फोनला काही झालं नाही हं. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकणार. पण ओल्या काचेवर बोटच चालेना, ग्लोव्हज घालून तर त्याहून नाही. शेवटी हेल्मेटमधल्या इअरफोनवर भरवसा.

खड्ड्यांची तर वेगळीच गंमत. बाइकच्या इंजिनाची थरथर आयफोनचा कॅमेरा बिघडवू शकते, असं खुद्द ॲपलनेच २०२१मध्ये सांगितलंय. त्यामुळे महागडा फोन खिशात आणि हँडलवर साध्या कॅमेऱ्याचा, डॅम्परवाल्या माउंटवर. मॅप आदल्या रात्रीच वायफायवर डाउनलोड करायचा. रेंज गेली तरी जीपीएस चालतं.

साडेअकराला गेटवर पोचलो. साहेब मीटिंगला गेलेले. सिक्युरिटीवाले काका माझ्या चिंब अवताराकडे बघून म्हणाले, ‘‘बालेवाडीला गेला होता ना? रोज एक तरी येतो. गावाचं नाव नका टाकू, कंपनीचं टाका. आणि पिनकोड बघा, ४१०५०१.’’

उद्या परत दहाची वेळ मिळालीय.