कात्रणांची फाइल आधी त्यांच्या हातात द्या

प्रति,
कलर्स मराठी वाहिनी आणि ‘बिग बॉस मराठी’चे निर्माते



मी डोंबिवलीकर. नोकरीची बरीच वर्षं वृत्तपत्रात मनोरंजनाचं पान लावण्यात गेली. पान सोडायचं आणि धावत रात्रीची शेवटची कल्याण गाडी पकडायची. त्यामुळे तुमच्या घरातून बाहेर पडलेल्या माणसाचं पुढे काय होतं, ते मी आमच्या टेबलावरून पाहिलंय.

8 जानेवारी 2023 ला अक्षय केळकर चौथं पर्व जिंकला. कळव्याचा मुलगा. सकाळी गाडीत पाय ठेवायला मिळावा म्हणून माणसं थेट कारशेडमध्ये जाऊन चढतात, ते हे कळवा. आमच्या भागाला आनंद होणारच. पण बातम्यांत ठिकठिकाणी तो ‘रिक्षाचालकाचा मुलगा’ झाला. वडील रिक्षा चालवतात, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. मात्र या मुलाने आधी ‘निमा डेन्झोंगपा’ या हिंदी मालिकेत काम केलंय, हे कळायला बातमीत बरंच खाली उतरावं लागायचं. दोन कॉलमांच्या मथळ्यात बापाची रिक्षा बसते, मुलाचं काम बसत नाही. असे मथळे मीही दिलेत आणि त्यावर शाबासकीही घेतलीय.

मथळ्याचं सोडा, तो आमचा धंदा. माझं तुमच्याशी भांडण वेगळंच आहे. तुमच्या घरात फोन नाही, वर्तमानपत्र नाही, भिंतीवर घड्याळसुद्धा नाही. शेवटपर्यंत टिकलेला माणूस सत्तर-शंभर दिवसांनी बाहेर येतो, तेव्हा त्याच्याविषयी काय काय छापून आलंय ते त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. आणि आम्ही विचारतो, “अमुक तुमच्याबद्दल असं म्हणाली, तुमचं काय म्हणणं?” तो बिचारा आत्ता ऐकतोय. तोंडून निघेल ते निघतं, आणि आमचं पान भरतं.

एकदा (कार्यक्रम तुमचा नव्हता) बाद झालेल्या एका मुलीचा डेस्कवर फोन आला. “मी असं बोललेच नाही हो, काका.” ती बोलली होती. पण आमच्या वार्ताहराने विचारलेला प्रश्न मी जागेअभावी कापला होता, म्हणून तिचं उत्तर उद्धट वाटत होतं. उद्या खुलासा छापतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्या जागी जाहिरात आली.

1999 साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेला हा खेळ तुम्ही आवाजासकट उचललात. ब्रिटनमध्ये ‘लव्ह आयलंड’ या रिॲलिटी कार्यक्रमाच्या माजी स्पर्धकांच्या आत्महत्यांनंतर आयटीव्ही वाहिनीने 2019 मध्ये बाहेर पडणाऱ्या प्रत्येकासाठी समुपदेशनाची किमान आठ सत्रं ठरवली, चौदा महिने संपर्कात राहायचं ठरवलं, समाजमाध्यमं आणि पैसा कसा हाताळायचा, याचंही शिक्षण. ते उचलायला काय हरकत होती?

तेवढं जमत नसेल, तर निदान एवढं करा. दार उघडल्यावर पहिल्या मुलाखतीआधी माणसाला एक पूर्ण रात्र द्या, सोबत कात्रणांची फाइल. ज्याला वाचायला जड जातं, त्याला कुणीतरी वाचून दाखवा. आणि मराठीत एक साधा कागद द्या : प्रश्न आवडला नाही तर उत्तर न देण्याची मुभा आहे; छापून आलेलं चुकीचं असेल तर आधी संपादकाला लेखी कळवायचं; तिथे दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते, दैनिकाबाबत छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत, आणि वकील लागत नाही. कौन्सिल दंड करत नाही, फक्त समज देते किंवा ताशेरे ओढते. पण संपादकाला लेखी उत्तर द्यावं लागतं. कौन्सिलच्या पत्राने डेस्कवर कशी पळापळ होते, ते मी पाहिलंय.

पत्रकार कुरकुरतील. पहिली प्रतिक्रिया शिळी झाली म्हणतील. होऊ द्या. पुढच्या पर्वाच्या करारातच ही एक रात्र लिहून टाका.

आपला,
डोंबिवलीचा एक निवृत्त उपसंपादक