हॅम रेडिओचा डिजिटल आवाज: चूक-दुरुस्ती नेमकी कुठल्या बिटची?

मागच्या पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर एका वळणाशी उभा राहून मी पुण्यातल्या एका ज्येष्ठ हॅम काकांशी बोलत होतो. हातात साधा हँडसेट, त्यात एफएम पण होतं आणि डीएमआर पण. एफएमवर काकांचा आवाज खरखरीत बुडाला होता, तरी शब्द कळत होते. म्हटलं, डिजिटलवर जाऊन बघू. पहिली दोन वाक्यं इतकी स्वच्छ आली की काका शेजारीच उभे आहेत असं वाटलं. मी चार पावलं पुढे गेलो. डब्यात खडे हलवल्यासारखा काहीतरी आवाज आला आणि मग एकदम शांतता. परत एफएमवर आलो तर काका म्हणाले, "अरे, काय सांगत होतास? अर्धंच आलं."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हॅम म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून हौसेने रेडिओ चालवणारी मंडळी. हौस खरी, पण 2001 च्या भूज भूकंपात आणि 2004 च्या त्सुनामीत अंदमानातून याच लोकांनी निरोप पोचवले होते. मोबाइलचे टॉवर बंद पडल्यावर जो आवाज चालायला हवा, तो चार पावलांवर गप्प होत असेल तर त्याचा विचार करायला हवा. माझी पहिली प्रतिक्रिया तुमच्यासारखीच होती: मग अजून चूक-दुरुस्ती घाला की! त्यात काय?

आधी ही चूक-दुरुस्ती काय ते बघू. वडापावच्या गाडीवरचा क्यूआर कोड तेलकट झालेला असतो, कोपरा फाटलेला असतो, तरी तुमचा फोन तो वाचतो. कारण त्यात मूळ माहितीबरोबर जादा बिट छापलेले असतात आणि खराब झालेला भाग त्यांच्यावरून परत काढता येतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजला आणखी एक सोय असते. एखादा तुकडा हरवला तर फोन तो पुन्हा मागवतो. रेडिओवर चालू बोलण्यात "पुन्हा पाठव" म्हणायला वेळ नसतो. एक बोलतो, दहा जण ऐकतात, त्यातले कोणाकोणाचे तुकडे मागवणार? त्यामुळे दुरुस्तीचं सामान आधीच सोबत पाठवावं लागतं.

आणि इथेच खिशाचा प्रश्न येतो. डीएमआरमध्ये दर 20 मिलिसेकंदाच्या आवाजासाठी 72 बिट मिळतात. त्यातले 49 आवाजाचे, 23 दुरुस्तीचे. दुरुस्ती वाढवायची तर आवाजातून काढा, नाहीतर जास्त बँडविड्थ घ्या, नाहीतर उशीर सहन करा. चौथा मार्ग मला तरी सापडलेला नाही. मला गंमत वाटली ती पुढची. हे 23 बिट सगळ्या 49 वर सारखे वाटलेले नाहीत. पहिल्या 24 बिटना गोले कोडचं संरक्षण आहे आणि उरलेले 25 बिट चक्क उघडे पाठवले जातात. (गोले कोड 1949 चा. व्हॉयेजर यानांनी गुरू आणि शनीचे रंगीत फोटो पाठवले ते याच कोडच्या आधारावर.)

म्हणजे अर्धा आवाज उघड्यावर? हो, आणि ते मुद्दाम. यूपीआयवर 9,100 रुपये पाठवताना पहिला 9 चुकला तर घात होतो, शेवटचं शून्य चुकलं तर फार तर नऊ रुपये इकडेतिकडे. आवाजाच्या बिटचं तसंच आहे. हे सगळ्यात छान दिसतं फ्रीडीव्हीमध्ये. हा शॉर्टवेव्हवर बोलण्यासाठीचा ओपन सोर्स प्रकल्प आहे, आणि त्यातला आवाज लहान करणारा कोडेक 2 ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड रो यांनी लिहिला. त्याच्या 1600 या मोडमध्ये 40 मिलिसेकंदाच्या आवाजाचे 52 बिट असतात आणि संरक्षण फक्त 12 बिटना आहे. कुठल्या 12 ना? चार बिट आवाज घोष की अघोष हे सांगणारे (शाळेच्या व्याकरणातलं तेच, 'ब' घोष आणि 'प' अघोष), चार पट्टीचे वरचे बिट आणि चार आवाजाच्या जोराचे वरचे बिट. या 12 ना 11 जादा बिट जोडले की 23 पैकी कुठलेही 3 चुकले तरी दुरुस्त होतात. बाकीचे चुकले तर आवाज जरा घोगरा होतो, पण पट्टी अचानक आभाळाला भिडत नाही.

मला हे कुठून कळलं? कोड उघडा आहे, वाचला. डीएमआर आणि डी-स्टार ज्या एएमबीई कोडेकवर चालतात तो एका कंपनीच्या मालकीचा. हॅम लोक त्याची चिप विकत घेऊन वापरतात. बाहेरचं गोले कोडचं वेष्टण सगळ्यांना दिसतं, पण आतला आवाज बदलून बिटची वाटणी नव्याने करायची मुभा हौशी माणसाला नाही. ज्या छंदाचा पायाच 'उघडून बघ, बदलून बघ' हा आहे, तिथे हे मला खटकतं. पोलंडमधून सुरू झालेल्या एम17 ने म्हणूनच कोडेक 2 घेतला आणि सगळी रचना खुली ठेवली.

आता "अजून घाला" या माझ्या प्रश्नाकडे. फ्रीडीव्हीने ते करून पाहिलं. 700डी मोडमध्ये 112 बिट आवाजाला 112 बिट दुरुस्ती, म्हणजे रुपयाला रुपया. त्यासाठी एलडीपीसी कोड वापरला, जो तुमच्या 5जी फोनच्या डेटातही असतो. खरखर सिग्नलपेक्षा दीडपट असतानाही बोलणं कळू लागलं. पण हा कोड चालायला लांब तुकडा लागतो, 160 मिलिसेकंदांचा. तो पूर्ण आल्याशिवाय उलगडता येत नाही, म्हणून उशीर वाढला, आणि शॉर्टवेव्हवर सिग्नल भराभर वरखाली होत असला की मेळ तुटायला लागला. मग 700ई काढावा लागला, 80 मिलिसेकंदांच्या छोट्या तुकड्याचा. तो या चढउतारात टिकतो, पण त्याला सिग्नल जरा ताकदीचा लागतो. दोन्हींत दुरुस्तीचं प्रमाण निम्मंच, फरक फक्त ती किती वेळावर पसरली याचा.

2024 पासून मात्र खेळच बदललाय. त्याच प्रकल्पात रेडिओ ऑटोएन्कोडर आला, लाडाने 'रेड'. यात वेगळी चूक-दुरुस्ती नाहीच. आवाजाची वैशिष्ट्यं आणि हवेत जाणारा सिग्नल यांच्यामध्ये एक न्यूरल नेटवर्क बसवलंय. त्याला खरखर आणि चढउतार मिसळून शिकवलंय, त्यामुळे काय जपायचं हे ते स्वतः ठरवतं. मधे शून्य-एकचे बिटच नसल्याने सिग्नल कमी झाला की आवाज कड्यावरून पडत नाही, हळूहळू बिघडतो, एफएमसारखा. शिवाय 1500 हर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात 8 किलोहर्ट्झपर्यंतचा भरदार आवाज. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोणीतरी रेकॉर्डिंग लावलंय असं वाटलं होतं.

माझी एकच कुरकुर. 12 बिटची वाटणी मी वाचून समजू शकलो. नेटवर्कच्या आत कुठला आकडा काय राखतोय हे प्रोग्राम खुला असूनही वाचून कळत नाही. चूक कुठे झाली हे शोधायचं तर ऐकत बसायचं, दुसरा इलाज नाही.

तुम्हाला ऐकायचं असेल तर परवाना लागत नाही. जगभरातल्या लोकांनी आपले किवीएसडीआर रिसीव्हर इंटरनेटवर खुले ठेवलेत, ते फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतात. रेड मात्र अजून कॉम्प्युटर मागतं, हँडसेटमध्ये मावत नाही. त्यामुळे त्या वळणावर मी अजूनही आधी एफएमच लावतो, आणि काका "डिजिटलवर येतोस का?" म्हणाले की चार पावलं मागे सरकतो.