मुखपट्टीखालचे व्रण

२२ मार्च २०२० रोजी देशभर थाळ्या वाजल्या आणि ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुले उधळली. ज्यांच्यासाठी हे सोहळे झाले, त्या परिचारिकांच्या नाकाच्या दांड्यावर त्याच सुमारास व्रण पडत होते, गालांवर वळ उमटत होते, कानांमागची कातडी सोलवटत होती. गौरव सार्वजनिक आणि वेदना मात्र खासगी, अशी ही वाटणी होती. साथ ओसरल्यानंतर तरी तिचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

हा त्रास किरकोळ नव्हता आणि अनपेक्षितही नव्हता. २००३ च्या सार्सच्या साथीत एन-९५ मुखपट्टी नियमित वापरणाऱ्या सिंगापूरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी ३५.५ टक्के जणांनी पुरळ, खाज वा मुरुमांची तक्रार नोंदविली होती. २०२० मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात ५४२ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा ९७ टक्के जणांच्या त्वचेला इजा झाल्याचे आढळले. सहा तासांहून अधिक काळ साधने चढविणाऱ्यांना धोका अधिक होता.

कारण उघड आहे. मुखपट्टी चेहऱ्याला चिकटून बसली तरच जंतू अडतात. त्या दाबाखाली रक्तपुरवठा मंदावतो, आत घाम व वाफ साचते आणि भिजलेली त्वचा घर्षणाने फाटते. म्हणून मुखपट्टी टाकून द्यावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती प्राणरक्षक आहे. प्रश्न आहे तो ती सलग किती तास चढवावी लागते याचा.

येथेच त्वचारोगाचा प्रश्न श्रमाचा प्रश्न बनतो. परिचारिकेला मध्येच कक्षाबाहेर येऊन मुखपट्टी उतरवावयाची, तर तिच्या जागी दुसरी हवी. ती दुसरी जागा रिकामी असते किंवा कंत्राटी असते. न भरलेल्या जागेचा पगार वाचला, ही बचत रुग्णालयाच्या जमाखर्चात दिसते. तिची किंमत मात्र कामावरच्या बाईच्या चेहऱ्यावर पडते आणि कोणत्याच वहीत चढत नाही. खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलून दाखविलेल्या काटकसरीला कार्यक्षमता म्हणता येत नाही.

साथीच्या धामधुमीत कातडीची चिंता कोणी करावी, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. फाटलेली त्वचा जंतूंना वाट देते आणि चेहरा ठणकत असलेल्या माणसाचा हात वारंवार मुखपट्टीकडे जातो. सेवकाची जखम ही रुग्णाच्याही सुरक्षिततेतील फट आहे.

कायद्याने या जखमेकडे पूर्ण पाठ फिरविलेली नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या अनुसूचीत त्वचारोगांना स्थान होते. परंतु नोंदच नसेल तर हक्क कशाच्या आधारे मागावयाचा? २०२० मध्ये जाहीर झालेला ५० लाखांचा विमा मृत्यूसाठी होता, जखमेसाठी नव्हे. आशा सेविकेला तर 'स्वयंसेविका' म्हणून कर्मचाऱ्याच्या व्याख्येबाहेरच ठेवण्यात आले.

हा विषय सरत्या साथीबरोबर संपलेला नाही. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या कक्षांत आजही एन-९५ रोज चढवावी लागते. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ठोस मागण्या पुढे केल्या पाहिजेत: दर काही तासांनी मुखपट्टी उतरविण्याची पगारी विश्रांती व त्यासाठी बदली माणूस, चेहऱ्याच्या मापाप्रमाणे निरनिराळ्या आकारांच्या मुखपट्ट्या, दाबाच्या जागी लावावयाच्या पट्ट्या व मलम रुग्णालयाच्या खर्चाने, आणि कायम-कंत्राटी असा भेद न करता प्रत्येक इजेची नोंद.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी साप्ताहिक सुट्टीबरोबर दुपारच्या अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, तेव्हा तीही मालकांना चैन वाटली असेल. आज ती साधी माणुसकी वाटते, कारण कामगार संघटित झाले. परिचारिकेची विश्रांतीही फुलांच्या वर्षावातून येणार नाही. ती मागूनच मिळवावी लागेल.