शरीराच्या खोड्या आणि चाके ठोकणारा माणूस



उचकी लागली की घरातील आजी म्हणते, "कोणीतरी आठवण काढतंय." मग आपण एकेका नातेवाइकाचे नाव घेत बसतो. ज्या नावाला उचकी थांबेल, त्याने आपली आठवण काढली असे ठरते. डोळा लवला तर तो उजवा की डावा हे पाहायचे. तळहात खाजला तर पैसे येणार म्हणून खूश व्हायचे. शिरूरला आमच्या लहानपणी घोड नदीवरून बगळ्यांचा थवा चालला की आम्ही नखे एकमेकांवर घासून त्यांच्याकडे कवडी मागत असू. नखावर पांढरा ठिपका उमटला म्हणजे बगळ्याने कवडी दिली!

आता या समजुती मागे पडत आहेत. परंतु त्यांच्या जागी जे आले आहे तेही फारसे शहाणपणाचे नाही. भ्रमणध्वनीवर याद्या फिरत असतात. नखावर ठिपका, म्हणजे कॅल्शियम कमी. डोळा फडफडला, म्हणजे मेंदूचा विकार. पूर्वी एका खुणेचा एक शकुन असे, आता एका खुणेचा एक रोग असतो. माझ्या मते या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. आणि या गडबडीत शरीर जे खरोखर सांगत असते, ते मात्र ऐकायचे राहून जाते.

आधी निरुपद्रवी खोड्या पाहू. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. तो अचानक आकसतो, हवा आत ओढली जाते आणि त्याच क्षणी स्वरयंत्राची फट मिटते. हीच उचकी. पापणी फडफडते ती बहुधा अपुऱ्या झोपेमुळे, थकव्यामुळे किंवा फार चहा झाल्यामुळे. नखावरचा ठिपका हा नखाच्या मुळाला लागलेल्या बारीकशा माराची खूण असतो. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. तुमचा ठिपका मुळापासून ६ मिलिमीटर पुढे सरकला असेल, तर दोन महिन्यांपूर्वी बोट कोठे चेमटले होते ते आठवून पाहा. पट्टीने मोजता येईल असे हे एक घड्याळच आहे.

बोटे कडाकडा मोडल्याने सांधे बिघडतात, असे मोठी माणसे सांगतात. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड उंगर यांनी ५० वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे रोज मोडली. उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला. शेवटी दोन्ही हात तपासले, तर संधिवात कोणत्याच हातात नव्हता. हा निष्कर्ष त्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. एका माणसावरून सर्वांसाठी नियम ठरत नाही हे खरे, पण 'तुलनेला दुसरा हात ठेवा' ही त्यांची पद्धत मला फार आवडते.

मग शरीराच्या सगळ्याच खोड्या सोडून द्याव्यात काय? येथेच मला दौंडचे रेल्वे स्थानक आठवते.

माझी मोठी बहीण दौंडला दिलेली. सुट्टीत न्हावरा, चौफुला करीत एस.टी.ने तिच्याकडे गेलो की मी स्थानकावर गाड्या पाहायला जाई. गाडी उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला एक माणूस डब्यांच्या कडेने चालत जाई आणि प्रत्येक चाकावर एक ठोका मारी. चांगल्या चाकाचा नाद खणखणीत येतो आणि काही वेळ टिकतो. चाकाला तडा असेल तर तड्याच्या दोन बाजू एकमेकींवर घासतात, कंपनांची ऊर्जा तेथेच खर्च होते आणि आवाज बद्द येतो. आई बाजारात माठ वाजवून घेते, तीही हेच भौतिकशास्त्र वापरते. त्या माणसाचा एक गुण लक्षात ठेवा. आवाज बद्द आला की तो चाक मोडले असे जाहीर करीत नसे आणि दुर्लक्षही करीत नसे. तो खूण करी, आणि मग त्या चाकाची नीट तपासणी होई.

आमच्या घरात मात्र असा बद्द आवाज येत होता आणि तो कोणीही ऐकला नाही.

बहिणीची मुलगी त्या वेळी आठवीत होती. ती धाकट्या भावाच्या दप्तरातील पाटीवरच्या पेन्सिली चोरून खाई. पेन्सिल मिळाली नाही तर कच्चे तांदूळ खाई. पहिल्या पावसात मातीचा वास आला की ती अस्वस्थ होई. बहिणीने रागावून पाहिले, हातावर फटके दिले, पेन्सिली कुलपात ठेवल्या. दिवाळीत मी गेलो तेव्हा मलाही तिला समज द्यायला सांगण्यात आले. एम.एस्सी. झालेल्या या मामाने भाचीला समोर बसवून मनोनिग्रहावर अर्धा तास व्याख्यान दिले. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "मामा, मला कळतं, पण राहवतच नाही." जिना चढताना तिला धाप लागते आणि वर्गात डुलक्या येतात, हेही बहिणीने त्याच दिवशी सांगितले होते. तिन्ही गोष्टी मी ऐकल्या आणि तिन्ही वेगवेगळ्या ठेवल्या.

पुढे एकदा तापासाठी रक्त तपासले तेव्हा उलगडा झाला. तिच्या १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन ८.२ ग्रॅम निघाले. या वयाच्या मुलीत ते किमान १२ ग्रॅम हवे. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "माती, खडू काही खातेस का?" लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांतच पेन्सिलीची ओढ आपोआप सरली. फटक्यांनी आणि व्याख्यानाने जे साधले नाही, ते लोहाने साधले.

हिमोग्लोबिन हे तांबड्या रक्तपेशींतील द्रव्य प्राणवायू वाहून नेते आणि ते बनवायला लोह लागते. लोह कमी पडले की स्नायूंना प्राणवायू कमी मिळतो, म्हणून धाप आणि थकवा. माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची अनावर ओढ ही लोहाच्या कमतरतेची जुनी ओळखीची खूण आहे. ती ओढ नेमकी का लागते, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाला अजून मिळालेले नाही. वाढीच्या वयात लोहाची गरज वाढते आणि मुलींचे लोह मासिक पाळीत खर्चही होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. मुलांत हे प्रमाण शंभरात ३१ होते. म्हणजे तुमच्या वर्गातही अशी मुले-मुली असणारच.

दुसरे उदाहरण पायाला येणाऱ्या मुंग्यांचे. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो आणि उठल्यावर मुंग्या येऊन जातात. ही साधी खोडी झाली, मज्जातंतू दबल्यामुळे ती होते. पण न दबताही दोन्ही पायांना दिवसेंदिवस मुंग्या येऊ लागल्या, तर अन्य कारणांबरोबर ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरताही तपासावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांत गर्भवती मातांचा अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी निघाले. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या माणसांत ही उणीव होती, आणि ती मोजली म्हणून कळली.

प्रयोगशाळेत तारेचा व्यास मोजताना मी विद्यार्थ्यांना एका वाचनावर थांबू देत नाही. शरीराच्या बाबतीतही तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट एकदाच घडली की पुन्हापुन्हा घडते? ती एकटी आहे की तिच्यासोबत धाप, थकवा, वजन घटणे असे आणखी काही आहे? आणि ती तपासून मोजता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांना 'पुन्हापुन्हा' आणि 'सोबत आहे' अशी उत्तरे आली, तर शकुन नको, यादी नको आणि मारही नको. सरळ आरोग्य केंद्रात जावे. बोटाला एक टोचणी आणि रक्ताचा थेंब, एवढ्यात हिमोग्लोबिन कळते.

शाळेबद्दलही मला एक सांगावेसे वाटते. सरकारी योजनेत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. या गोळ्या एका शाळेच्या खिडकीखाली पडलेल्या मी पाहिल्या आहेत. गोळीने शौचाला काळे होते, क्वचित मळमळते, आणि हे अगोदर न सांगितल्याने मुले घाबरतात. जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. गोळीवर लगेच चहा मात्र घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू मदत करतात. स्वतःच्या मनाने जास्त गोळ्या खाणेही धोक्याचे असते. लहान भावंडांच्या हाती तर त्या लागूच देऊ नयेत.

शिरूरच्या कोरडवाहू भागातील आपली बाजरीही मदतीला आहे. लोह अधिक असलेला 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. महाराष्ट्रातील १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींवर झालेल्या प्रयोगात अधिक लोहाच्या बाजरीची भाकरी रोज खाणाऱ्यांची लोहाची स्थिती सहा महिन्यांत सुधारली. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणी खडू खाताना दिसले तर त्याला हसू नका आणि बाईंकडे चहाडीही करू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "जिना चढताना तुला धाप लागते का रे?" माझ्या भाचीला हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो तुम्ही विचारा.