हुकूम आणि अक्कल

“कला शाखेत शिकतोस आणि तारा कसल्या जोडत बसतोस?” हा प्रश्न मला घरी आणि वर्गात सारखाच ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांना ठाऊक नसते, की आर्डुइनो नावाचा हा छोटा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावच्या संस्थेत जन्मला, तोच मुळी इंजिनियर नसलेल्या, डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी.

खेळ साधा आहे. संगणकाने यूएसबीच्या तारेतून एक अक्षर धाडायचे, बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरने ते वाचून ठरलेली पिन चालू करायची. दोघांनी बोलण्याचा वेग आधी सारखा ठेवायचा, बहुधा सेकंदाला ९६०० बिट. पहिल्या खेपेला मी एक ही संख्या धाडली आणि दिवा काही पेटेना. दोन संध्याकाळी फुकट गेल्या. मग उमगले, की प्रोग्रॅम एकाच्या चिन्हाची वाट पाहत होता, आणि संगणकाच्या लेखी त्या इंग्रजी चिन्हाचा क्रमांक ४९! चिन्ह आणि अर्थ वेगळे असतात हे आम्हां भाषेच्या विद्यार्थ्यांना तारेने शिकवावे, म्हणजे कमाल झाली.

असो. पिन फार तर वीसेक मिलिअँपिअर देते, म्हणून मोटारीसाठी मध्ये रिले लागतो. वेल्ह्यात (आता तो राजगड तालुका) मामांच्या टाकीवर मी तशी जोडणी केली. टाकी भरली की पंप बंद करण्याचा हुकूम लॅपटॉपने द्यायचा. एका रात्री लॅपटॉप अडकला. बोर्डाला वीज वेगळी होती, त्यामुळे शेवटचा ‘चालू’चा हुकूम त्याने इमानाने पाळला. टाकी रात्रभर वाहिली आणि खालचा भाताचा तरवा धुपून गेला. मामा एक शब्द बोलले नाहीत, पुन्हा बी टाकायला लागले.

भोरजवळच्या भाटघर धरणाला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला पोचले की पाण्याच्याच जोरावर ते उघडतात, वरून हुकूम यावा लागत नाही. धरण १९२०च्या दशकातले. आम्ही मात्र सगळी अक्कल संगणकात ठेवतो आणि पिनेजवळच्या चिपला निव्वळ हरकाम्या करतो. माझ्या मते हे चूक आहे. धोका टाळण्याचा निर्णय पाण्याजवळच व्हायला हवा.

आता टाकीतला तरंगता गोळा थेट बोर्डाला जोडला आहे. शिवाय दहा सेकंद संगणकाचा शब्द आला नाही, तर बोर्ड आपणहून पंप बंद करतो. मामांसमोर मी यूएसबीची तार उपटून दाखवली. रिले ‘टक्’ वाजला. “आधी का नाही केलंस?” एवढेच ते म्हणाले.