समन्स बजावायचे कोणी?

मयूर विहारातील एखाद्या मराठी मुलीने परदेशस्थ पतीविरुद्ध घटस्फोटाचा दावा लावला, तर पहिला अडसर समन्स बजावणीचाच. भारतात २००७ पासून लागू असलेल्या हेग करारान्वये दिवाणी समन्स सदस्य देशाच्या मध्यवर्ती यंत्रणेमार्फत बजावता येते. मात्र प्रतिवादीचा पत्ताच ठाऊक नसेल, तर करार निरुपयोगी. फौजदारी खटल्यात अशा परागंदा पतींवरील समन्स परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर झळकताच बजावले गेले असे मानावे, अशी तरतूद असलेले विधेयक सुषमा स्वराज यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले. ते स्थायी समितीकडे गेले, कायदा मात्र झाला नाही. २०२४ मध्ये विधी आयोगानेही समन्स बजावणीसह सर्वंकष केंद्रीय कायद्याची शिफारस केली. आयोग, समिती, विधेयक सारे झाले; आता प्रश्न उरतो तो सरकारच्या इच्छाशक्तीचा.