गायी, कॉलेजे आणि समाधान

बार्शी तालुक्यातून एका शेतकरी बंधूंचे पत्र आले आहे. मुलगी हुशार, बारावीपर्यंत पुण्यात शिकली. आता अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका लहान गावच्या कॉलेजात जायचे म्हणते. वडील विचारतात, ‘‘एवढे लांब जायचे तर मोठ्या शहरात का नाही? खेड्यात कसले आले कॉलेज?’’ दुसरा प्रश्न जमिनीचा आहे, त्याकडे मागाहून येऊ.

गावाचे नाव त्यांनी कळवलेले नाही. पण त्याच राज्यातले नॉर्थफील्ड हे गाव पुण्याच्या चांगले ओळखीचे आहे, म्हणून त्याचीच हकीकत सांगतो. मिनियापोलिस या मोठ्या शहरापासून ते साधारण साठ-सत्तर किलोमीटरवर, कॅनन नावाच्या नदीकाठी आहे. वस्ती वीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे तालुक्याचे गाव म्हणा ना. नदीवर पिठाची गिरणी उभी राहिली आणि तिच्याभोवती गाव वाढले. चहूकडे मका आणि सोयाबीन. एवढ्याशा गावात कॉलेजे मात्र दोन. कार्लटन १८६६ साली निघाले आणि सेंट ओलाफ १८७४ साली. दुसरे काढले ते नॉर्वेतून तिथे येऊन शेती करणाऱ्या लोकांनी. गावाचे ब्रीद आहे, ‘गायी, कॉलेजे आणि समाधान’. आपल्याकडे गावाच्या कमानीवर आमदारांचे नाव असते, तिथे गायीला पहिला मान! अर्थात त्या राज्यातही आता दुधाचे गोठे फार कमी झाले आहेत. लहान गोठेवाल्याला परवडत नाही, हे रडगाणे तिकडेही आहेच.

गावाचा अभिमान कशात, तेही ऐका. ७ सप्टेंबर १८७६ रोजी जेसी जेम्सच्या टोळीतले आठ दरोडेखोर भरदिवसा गावच्या बँकेवर आले. हेवूड नावाच्या कर्मचाऱ्याने तिजोरी उघडायला साफ नकार दिला. त्याला त्यांनी गोळी घातली. हा हेवूड कार्लटन कॉलेजचाही खजिनदार होता. तोवर बाहेर दुकानदार आणि गावकरी मिळेल ती बंदूक घेऊन रस्त्यावर उतरले. दोन दरोडेखोर तिथेच पडले, बाकीचे पळाले. अजून दर सप्टेंबरात गाव त्या दिवसाची जत्रा भरवते.

आता पुण्याचा संबंध. त्या भागातल्या अशा लहान कॉलेजांचा एक संघ आहे. त्याने १९६९ मध्ये पुण्यात आपला अभ्यासक्रम सुरू केला आणि पुढे कित्येक वर्षे ही मुले इथे येत राहिली. लॉजवर नाही, पुणेकरांच्या घरात राहायची. मराठी शिकायची, घरच्यांबरोबर जेवायची आणि एखादा विषय घेऊन त्याचा अभ्यास करायची. आमच्या शेजारी अशी एक मुलगी होती. तिच्या बापाची आयोवात मक्याची शेती. डिसेंबरात शेजाऱ्यांनी तिला पुरंदर तालुक्यात आपल्या गावी हुरड्याला नेले. हुरडा खाता खाता ती सहज म्हणाली, ‘‘आमच्याकडे ज्वारी जनावरांना घालतात.’’ आजीबाईंनी विचारले, ‘‘मग बाई, तुमची माणसं काय खातात?’’ पोरगी थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, ‘‘ती जनावरं!’’ हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

याच कार्लटन कॉलेजात एलिनॉर झेलियट बाई १९६९ पासून जवळजवळ तीस वर्षे इतिहास शिकवत होत्या. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीवर त्यांनी डॉक्टरेट केली, तीही मराठी शिकून आणि इथल्या माणसांत वावरून. पुढे दलित कवितेची इंग्रजी भाषांतरे करून त्यांनी ती जगापुढे नेली. २०१६ साली त्या गेल्या. मक्याच्या शेतांत वसलेल्या कॉलेजात बाबासाहेबांचा अभ्यास होत होता, हे आपल्या किती लोकांना ठाऊक आहे?

तेव्हा बंधू, खेड्यात कसले कॉलेज, ही शंका मनातून काढा. कार्लटनमध्ये सारे मिळून दोनेक हजार विद्यार्थी. वर्ग लहान, प्राध्यापक मुलाला नावाने ओळखतो. माझ्या मते घरापासून प्रथमच दूर जाणाऱ्या मुलीला असे गाव मोठ्या शहरापेक्षा बरे. मात्र एकटेपणा आहे, तो लपवत नाही. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. आपल्यासारखी एस.टी. नाही, ज्याच्याकडे मोटार नाही तो अडकला. भाकरी-पिठल्याची आठवण मुलीला रडवील, तिला स्वयंपाक शिकवून पाठवा.

आता जमीन. ‘‘दोन एकर विकून पाठवू का?’’ असे तुम्ही विचारता. अशा खासगी कॉलेजाचा खर्च राहण्या-जेवणासह वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर जातो, म्हणजे साठ लाखांहून अधिक, आणि शिक्षण चार वर्षांचे. दोन एकरांत काय होणार? पण यांतली काही कॉलेजे परदेशी मुलांनाही घरची परिस्थिती पाहून मोठी मदत देतात. ती प्रवेशाच्या अर्जाबरोबरच मागावी लागते, मागाहून सहसा मिळत नाही. मदतीचे पत्र लेखी हातात येईपर्यंत सातबाऱ्याला हात लावू नका. चारही वर्षांची हमी आहे का, ते पत्रात बघा. व्हिसासाठी निदान पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात, तेही धरून चाला. ‘तिथे काम करून फेडीन’ असे मुलगी म्हणेल. कॉलेज चालू असताना कॉलेजातच आणि आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते. त्यातून वरखर्च निघतो, फी निघत नाही. मदत मिळाली नाही तर या वर्षी नको म्हणा. पुण्यात चांगली कॉलेजे आहेत, पदवीनंतर जाता येईल. त्यावेळी शिष्यवृत्तीच्या वाटाही जास्त असतात.

आणि जाणे ठरलेच तर गरम कोट पुण्यात घेऊ नका. तिथे जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांवर जातो. इथला कोट त्या थंडीत कामाचा नाही, तो तिथेच घ्यायला सांगा.